भावंड कडेवर, पाटी कोनाड्यात

दिवाळीची सुटी संपून आश्रमशाळा पुन्हा भरते, त्या आठवड्यातला हजेरीपट एकदा पाहायला हवा. सुटीआधी सलग भरलेल्या ओळींमध्ये मधूनच रिकामी घरे दिसू लागतात. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतल्या गुरुजींना त्यांचे कारण विचारावे लागत नाही, ते त्यांना पाठ असते. पाचवी-सहावीतल्या एखाद्या मुलीच्या नावावर बोट ठेवले की उत्तर येते, ‘भट्टीवर गेली. भाऊ लहान आहे.’

या दोन वाक्यांतले दुसरे जास्त महत्त्वाचे आहे. ती मुलगी वीट पाडायला गेलेली नाही. आई वीट पाडणार म्हणून भावाला कडेवर घ्यायला ती गेली आहे. मालकाच्या वहीत तिचे नाव नाही. बालमजुरांच्या मोजणीत ती येईलच असे नाही, कारण भावंड सांभाळणे हे काम आहे असे आपण कधी धरलेच नाही. शाळेच्या दप्तरी ती ‘स्थलांतरित’ होते आणि तिथेच तिचा विषय मिटतो.

शाळा सुटल्यावर मूल कुठे ठेवायचे, हा प्रश्न शहरातल्या नोकरदार आईबापांच्या चांगला ओळखीचा आहे. पाळणाघर, आजी-आजोबा, शिकवणी, शेजारच्या काकू यांची जोड घालून ते संध्याकाळचे दोन-तीन तास निभावून नेतात. जव्हार-मोखाड्यात हाच प्रश्न तासांचा न राहता महिन्यांचा होतो. शहरातला पालक घड्याळाकडे बघून व्यवस्था लावतो, तर इथला पालक हंगामाकडे बघून. शाळेबाहेरचा वेळ म्हणजे इथे दिवाळी ते पहिला पाऊस.

असे का, ते आधी जमिनीकडे पाहून समजून घ्यायला हवे. 2011च्या जनगणनेनुसार या दोन तालुक्यांत मिळून सव्वादोन लाखांच्या आत-बाहेर लोक राहतात आणि दहांतले नऊ आदिवासी आहेत. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी. जव्हार हे मुकण्यांचे जुने संस्थान, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवरचे. पाऊस कोसळतो, पण डोंगरउतारावरून धावत खाली निघून जातो. मोखाड्याच्या कडेने वाहणारी वैतरणा मुंबईची तहान भागवते आणि तिच्याच काठच्या कित्येक पाड्यांवर मार्च उजाडला की बायका डोक्यावर हंडे घेऊन दरी उतरतात. उतारावर नागली आणि वरई, खाचरात भात, एवढेच पीक. भात झोडून झाला की शेतात काम नाही आणि कणगीतले धान्य उन्हाळ्यापर्यंत पुरत नाही. मग भिवंडी, वसई, कल्याण, ठाण्याकडच्या वीटभट्ट्या, बांधकामे आणि मजूर नाके, किंवा घाट चढून नाशिककडचे द्राक्षमळे. काही घरांत सणासुदीच्या किंवा लग्नाच्या गरजेपोटी बयाणा आधीच घेतलेला असतो. तो फेडायला जावेच लागते.

भट्टीवर मजुरी ठरते ती हजार विटांवर आणि काम घेतले जाते जोडीचे. जोडी म्हणजे नवरा-बायको. या एका शब्दात मुलांचा सगळा प्रश्न लपलेला आहे. बायको घरी राहिली तर जोडी मोडते आणि जोडी मोडली तर काम मिळत नाही. आई वेगळी मजूर म्हणून मोजली जात नाही, त्यामुळे तिचे बाळंतपण, तिचे दूध, तिचे तान्हे मूल ही कोणाच्याच हिशेबातली बाब उरत नाही.

निघण्याआधीच्या दिवसांत प्रत्येक घरात एक वाटणी होते. कोण बरोबर येणार आणि कोण मागे राहणार. दूध पिणारे मूल आईबरोबर जाणार हे ठरलेलेच. सहा-सात वर्षांचा मुलगा आश्रमशाळेत असला तर तो तिथे राहील, कारण तिथे दोन वेळचे जेवण आहे, अंथरूण आहे. सरकार आश्रमशाळेला शिक्षणाची योजना म्हणते. पाड्यावरच्या आईबापांच्या दृष्टीने ती त्याबरोबरच मूल सांभाळणारी सगळ्यात मोठी व्यवस्थाही आहे. तिच्यावर टीका करण्यासारखे पुष्कळ आहे आणि ती झालीही आहे, पण ही बाजू विसरून केलेली टीका अर्धीच ठरते. 2020च्या मार्चमध्ये आश्रमशाळा बंद करून मुलांना घरी पाठवले गेले. त्या दिवशी या घरांची शाळा आणि पाळणाघर दोन्ही एकदम बंद झाले.

मधली मुले आजीकडे राहतात. वारली बोलीत म्हातारीला डोसी म्हणतात. दोन मुलगे, दोन्ही सुना बाहेर गेलेल्या आणि घरात चार नातवंडे, असे एका डोसीच्या वाट्याला सहज येते. पाणी तिनेच आणायचे, सरपण तिनेच गोळा करायचे, शेळ्याही तिच्याच. होळीच्या सुमारास मोहाची फुले गळू लागली की पहाटेच वेचायला जायचे. त्या काळात गावातली जिल्हा परिषदेची शाळा हाच तिचा खरा आधार असतो. सकाळी पोर शाळेत गेले की संध्याकाळपर्यंत ते कुणाच्या तरी नजरेखाली आहे आणि दुपारी त्याच्या पोटात खिचडी पडते. रविवारी मात्र शाळाही नाही आणि खिचडीही नाही. उन्हाळ्याची सुटी, जी शहरातल्या मुलांना आजोळी घेऊन जाते, ती इथल्या डोसीसाठी वर्षातला सगळ्यात अवघड काळ असते. विहीर आटलेली, आईबाप अजून परतायचे आणि पोरे दिवसभर घरी.

उरली मोठी मुलगी. नऊ, दहा, अकरा वर्षांची. हिच्याबद्दल घरात फार चर्चा होत नाही. ती बरोबर जाते.

भट्टीवरचे काम रात्री सुरू होते. संध्याकाळी माती भिजवून गारा कालवून ठेवलेला असतो. मध्यरात्र उलटली की जोडपी उठतात, कारण ऊन चढले की ओल्या विटा तडकतात आणि माणूसही. बापाने गारा आणून टाकायचा, आईने उकिडवे बसून साचा भरायचा, हाताने दाबून काठ निपटायचा, उलटा करून वीट सोडायची, पुन्हा राखेत साचा बुडवायचा. हे सकाळी नऊ-दहापर्यंत सतत. राहायला विटा आणि पेंढा रचून केलेली ठेंगणी झोपडी, ज्यात वाकूनच शिरावे लागते. तिला इथे भोंगा म्हणतात. भोंग्याच्या आड दोन बांबूंना आईची जुनी साडी बांधून झोळी केलेली असते आणि झोळीची दोरी मुलीच्या हातात किंवा पायाच्या अंगठ्याला. बाळ रडले की अंगठा हलतो. मुलगी पुष्कळदा झोपेतच असते, अंगठा तेवढा जागा असतो.

सकाळी विटा थोड्या सुकल्या की त्या एका कडेवर उभ्या करायच्या असतात, म्हणजे दुसरी बाजू वाळेल. हे काम मुलांकडे येते, त्याचेही कारण आहे. मोठ्या माणसाच्या पायाने ओल्या रांगांमध्ये विटा दबतात, कडा मोडतात. मुलाचे पाऊल लहान आणि हलके, ते दोन रांगांच्या मधून जाते. मुलगी बाळाला कडेवर घेऊनच रांगेतून वाकत जाते, एका हाताने वीट उभी करते, दुसरा हात बाळाच्या पाठीवर. त्या विटांवर भट्टीच्या मालकाने ठरवलेली दोन-तीन अक्षरे ठसठशीत उमटलेली असतात. कुठल्या तरी इमारतीच्या भिंतीत ती अक्षरे कायमची जाऊन बसतील. शाळेत गिरवायची अक्षरे त्या वर्षी गिरवायची राहून गेली.

तिच्या हातचे बाळ काय खाते, हे पाहिले म्हणजे या प्रश्नाचे दुसरे टोक हाती लागते. सहा महिन्यांनंतर मुलाला आईच्या दुधाबरोबर वरचे खाणे लागते. ते मऊ हवे, ताजे हवे, दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे भरवायला हवे. आई मध्यरात्रीपासून गाऱ्यात. दहा वर्षांच्या मुलीजवळ सकाळी केलेला भात आहे, सोबत डाळीचे पाणी किंवा नुसते मीठ. तिला जमेल तसे ती भरवते. मूल तोंड फिरवते, ती दमते, ताटली बाजूला ठेवते. तिला दोष कसा देणार? तीही मूलच आहे.

पालघर जिल्हा आणि कुपोषण हे दोन शब्द महाराष्ट्राने जोडीने ऐकले त्याला आता तीन दशके उलटून गेली. 1992मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागातले बालमृत्यू वर्तमानपत्रांतून बाहेर आले तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. पालघर वेगळा जिल्हा झाला तो 1 ऑगस्ट 2014 रोजी. मधल्या काळात योजना आल्या, समित्या आल्या, मंत्र्यांचे दौरे झाले. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे पूर्ण ताजे जेवण देणारी डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना 2015च्या अखेरीस सुरू झाली, पुढे लहान मुलांना अंडी किंवा केळी मिळू लागली. या योजनेचे मोल मी कमी मानत नाही. पण तीन वर्षांखालच्या मुलासाठी अंगणवाडीतून जे मिळते ते मुख्यतः घरी न्यायचे पाकीट. पाकीट घरी जाते आणि घरी ते शिजवून भरवणारे मोठे माणूस नसते. तीन ते सहा वर्षांचे मूल अंगणवाडीत बसते, पण तीही दिवसाचे काही तासच उघडी असते. गावातच काम असले तरी आईची मजुरी सूर्याबरोबर चालते. म्हणजे ज्या वयात मूल सर्वांत वेगाने वाढते आणि सर्वांत लवकर ढासळते, नेमके त्याच वयात त्याला दिवसभर सांभाळणारी जागा आपल्या व्यवस्थेत नाही. कुपोषण म्हटले की आपण धान्याचा विचार करतो. भरवणाऱ्या हाताचा विचार क्वचितच होतो.

हे कोणाच्या ध्यानात आलेच नव्हते असे मात्र नाही. ज्या जिल्ह्यात आज आपण हा प्रश्न मांडतो आहोत, त्याच जिल्ह्यात, डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, त्याचे उत्तर साठहून अधिक वर्षांपूर्वी मांडून आणि चालवून दाखवलेले आहे.

ताराबाई मोडक मूळच्या शहरातल्या बालशिक्षणाच्या. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी माँटेसोरी पद्धतीवर काम केले, 1926मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला, पुढे दादरला शिशुविहार चालवले. पण खेड्यातल्या गरीब मुलाला हे शिक्षण परवडेल कसे, हा विचार त्यांना स्वस्थ बसू देईना. 1945मध्ये समुद्रकाठच्या बोर्डीला त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि तिथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताई लहानपणीच विधवा झालेल्या, स्वतःच्या बळावर शिकलेल्या. पुढची सत्तेचाळीस वर्षे त्यांनी या कामातच घालवली.

बोर्डीत बालवाडी उघडली तरी दलित वस्तीतली मुले येईनात. मग बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द आणि ती कल्पना या अनुभवातून आली. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात सुरू झाली आणि हा मराठी शब्द भारतभर गेला. आज तमिळनाडूतली किंवा बिहारमधली बाई तो उच्चारते तेव्हा बोर्डीचे अंगण तिच्या तोंडी असते.

1957मध्ये काम कोसबाडला गेले. आता गाठ वारली मुलांशी होती आणि अडचण वेगळी होती. मुले शाळेत का येत नाहीत, हे ताराबाई आणि अनुताईंनी पाड्यावर जाऊन पाहिले. मुलगा गुरे राखायला गेलेला. मुलगी घरी, कडेवर भावंड. यावर पालकांना उपदेश करण्याचा सोपा मार्ग होता आणि तो आपल्याकडे आजही सर्वांत लोकप्रिय आहे. या दोघींनी तो घेतला नाही. गुरे सोडून मुलगा येणार नसेल तर शाळा गुरांच्या मागे जाईल, असे म्हणून त्यांनी कुरणशाळा काढली. कुरणात, झाडाखाली, गुरे चरत असताना शिकवायचे. आणि भावंड सोडून मुलगी येणार नसेल तर भावंडासकट येऊ दे. यातून विकासवाडी उभी राहिली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. मुलीने सकाळी तान्ह्याला पाळण्यात ठेवायचे, मधल्याला बालवाडीत सोडायचे आणि स्वतः वर्गात जाऊन बसायचे. सुटीत पाळण्यापाशी एक फेरी मारून आली की तिचा जीव शांत.

या मांडणीत केवढे शहाणपण आहे! आपण आज पाळणाघराचा विचार आईच्या नोकरीपुरता करतो आणि शाळेचा विचार मुलीपुरता. दोन खाती, दोन अंदाजपत्रके, दोन इमारती. कोसबाडला या दोघींनी ओळखले होते की गरीब घरात तान्ह्याचा पाळणा आणि मोठ्या मुलीचे बाक एकाच दोरीला बांधलेले असतात. पाळण्याची सोय झाली नाही तर बाक रिकामेच राहते. ताराबाईंना 1962मध्ये पद्मभूषण मिळाले, अनुताईंना 1985मध्ये पद्मश्री. अंगणवाडी देशाने घेतली. विकासवाडीची ही जोड मात्र कोसबाडलाच राहिली. देशाच्या योजनेत आलेली अंगणवाडी शाळेला जोडलेली नव्हती आणि तान्ह्यांना दिवसभर ठेवून घेणारीही नव्हती. माझ्या मते आपल्या बालविकासाच्या इतिहासातली ही सर्वांत महागात पडलेली काटछाट आहे.

कोसबाडचे काम गावातल्या मुलांसाठी होते. गाव सोडून गेलेल्यांचे काय? 1990च्या दशकात विधायक संसद या वसईकडच्या संस्थेने, विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या पुढाकाराने, वीटभट्ट्यांवरच भोंगाशाळा सुरू केल्या. नावातच सगळे आले. मूल भोंग्यात राहते, तर शाळाही भोंग्यात. शिकवायला पुष्कळदा आदिवासी तरुण-तरुणीच असत. भोंगाशाळेतले शिक्षक सांगत त्या अडचणी कोसबाडच्याच होत्या, फक्त गुरांच्या जागी विटा आलेल्या. लहान भावंड बरोबर घेऊन मुलगी वर्गात येते, भावंड रडू लागले की उठून जाते. भावंडाला वर्गात घेतले तर मुलगी टिकते. रात्री आईबापांबरोबर उठलेले मूल सकाळी डुलक्या घेते. भट्टी हलली की शाळाही हलते. तरी या शाळांनी एक गोष्ट सिद्ध केली: ‘स्थलांतरित’ म्हणून ज्यांची नावे मिटवली जातात ती मुले कुठे नाहीशी झालेली नसतात, ती शोधली तर सापडतात.

कायद्याकडे पाहिले तर आपण उदार आहोत असे वाटते. 1948च्या कारखाना कायद्याने पाळणाघर सक्तीचे केले, 1976च्या दुरुस्तीने तिसांहून अधिक स्त्री कामगार असतील तिथे. 1996च्या बांधकाम मजुरांच्या कायद्यात ही संख्या पन्नासांहून अधिक होती. 2017च्या दुरुस्तीने प्रसूती लाभ कायद्यातही पाळणाघर आले, पन्नास किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी. प्रत्येक ठिकाणी एक आकडा होता आणि दहा-बारा जोड्यांची भट्टी त्या प्रत्येक आकड्याच्या खाली राहिली. शिवाय जोडी म्हणून कामावर घेतलेल्या बाईला ‘स्त्री कामगार’ म्हणून मोजणार कोण?

मुलांच्या बाजूने पाहिले तर 10 ऑक्टोबर 2006पासून चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवण्यास बंदी आहे. म्हणजे दुसऱ्याचे मूल सांभाळायला पाड्यावरची दहा वर्षांची मुलगी शहरात कोणी ठेवून घेतली तर तो गुन्हा. 2016च्या दुरुस्तीने सर्व धंद्यांत चौदाखालच्या मुलांना मनाई केली, पण शाळेच्या वेळेनंतर आणि सुटीत कुटुंबाला मदत करण्याची मुभा ठेवली. ही मुभा शेतकरी-कारागिरांच्या घरांचा विचार करून ठेवली असेल. पण ज्या घराचे वर्षातले सहा महिने भट्टीवर जातात, त्या घरात ‘शाळेच्या वेळेनंतर’ या शब्दांना कसला अर्थ? तिथे शाळेची वेळच उरलेली नाही.

एक तरतूद मात्र या मातीला फार जवळची होती. 2005च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यात असे होते की कामावर आलेल्या बायकांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले असतील तर त्यांतल्याच एका बाईला मुले सांभाळायला नेमावे आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यावी. रोजगार हमी ही मुळात महाराष्ट्राची देणगी. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून ती निघाली, 1977चा कायदा 26 जानेवारी 1979पासून अंमलात आला. बंधाऱ्याच्या कामावर माती उचलणे आणि झाडाखाली पाच पोरे सांभाळणे यांची मजुरी सारखी, हे या देशाच्या कायद्याने एकदा लिहून ठेवले, ही लहान गोष्ट नाही. कामावर सावली, पाणी आणि ही बाई असेल तर आई मोठ्या मुलीला शाळेतून काढत नाही. आणि गावातच काम मिळाले तर भट्टीचाच प्रश्न मिटतो.

हा शेवटचा मुद्दा जव्हारकडे डोळ्यांनी दिसतो. बायफ संस्थेच्या वाडी कार्यक्रमातून इथल्या उतारांवर आंबा आणि काजूची झाडे लागली. अलीकडे जव्हार, मोखाडा आणि विक्रमगड भागांत मोगरा आला. मोगऱ्याच्या कळ्या पहाटे खुडतात, उमलण्याआधी बाजाराच्या गाडीत पडायला हव्यात. उजाडताना आई-बाप परसातल्या वेलीजवळ असतात, घरापासून हाकेच्या अंतरावर. बाळ ओट्यावर झोळीत. ऊन वर आले की खुडणी संपली, मुले शाळेच्या वाटेला लागली. मोगऱ्याची चर्चा नेहमी पैशांच्या भाषेत होते. मला तो मुलांच्या घड्याळाशी जुळणारा पीकप्रकार म्हणून जास्त मोलाचा वाटतो. पण मोगऱ्याला उन्हाळाभर पाणी लागते आणि ते प्रत्येक पाड्यावर नाही.

म्हणून पाळण्यांना पर्याय नाही. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ जन स्वास्थ्य सहयोग या डॉक्टरांच्या संस्थेने जंगलातल्या गावांत ‘फुलवारी’ चालवून दाखवली. सहा महिने ते तीन वर्षांची मुले, गावातल्याच बायका सांभाळणाऱ्या, दिवसभर थोडे थोडे ताजे खाणे, आई कामावरून परतेपर्यंत. मुलांची वजने सुधारली आणि मोठी भावंडे शाळेत परतली, दोन्ही एकदम. केंद्र सरकारच्या ‘पाळणा’ योजनेतही आता अंगणवाडीला पाळणाघर जोडण्याची कल्पना आली आहे. कोसबाडची जोड साठहून अधिक वर्षांनी कागदावर परत आली म्हणायची.

जव्हार-मोखाड्याच्या ग्रामसभांना यासाठी वर बघत बसावे लागू नये असा एक मार्ग आहे. आदिवासी क्षेत्रांतल्या स्वशासनासाठीच्या पेसा कायद्याच्या क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेच्या निधीतला पाच टक्के वाटा थेट देण्याचा निर्णय महाराष्ट्राने 2015मध्ये घेतला. हा पैसा कशावर खर्च करायचा ते ग्रामसभेने ठरवायचे. एका पाड्यावर दोन बायका, एक खोली, चूल, पाणी, झोळ्या आणि नागलीची पेज. याला फार मोठी रक्कम लागत नाही. अडचण पैशापेक्षा अग्रक्रमाची असते. समाजमंदिराचा ठराव झटकन होतो, कारण ते उभे दिसते. सांभाळलेले मूल डोळ्यांत भरत नाही.

आणि सांभाळणाऱ्या बाईला काय मिळते? अंगणवाडी सेविकेला अजूनही पगार नाही, मानधन आहे. एप्रिल 2022मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असा निकाल दिला. 2023च्या डिसेंबरमध्ये राज्यभरातल्या सेविका संपावर गेल्या आणि जानेवारी संपत येईपर्यंत अंगणवाड्यांना कुलपे होती. लावणीच्या दिवसांत पाड्यावरच्या सेविकेला स्वतःचेही खाचर असते. सकाळी राबातली रोपे उपटायची, मग अंगणवाडी उघडायची, मग पुन्हा चिखलात. तिचे धाकटे मूल तेव्हा कोणाजवळ असते, हे विचारले तर तीही मोठ्या मुलीकडेच बोट दाखवते.

जूनमध्ये माणसे परततात. शाळेचे पहिले दिवस आणि पेरणीचे दिवस एकच. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010पासून लागू आहे, त्यामुळे भट्टीवरून आलेल्या मुलीला वयानुसार वर्गात बसवून घ्यावेच लागते. ती येते, पुष्कळदा एकटी येत नाही. सहा महिन्यांत कडेवरचे बाळ चालू लागलेले असते, पण आई खाचरात असल्याने ते आता तिच्या बोटाला धरून आलेले असते. सहावीच्या वर्गात दीड वर्षांचे मूल बसवावे असा नियम कुठल्याही परिपत्रकात नाही. तरी काही शाळांतले शिक्षक त्या मुलीला दारातून परत पाठवत नाहीत. वर्गाच्या मागच्या भिंतीशी एक पोते अंथरतात, खडूचा तुकडा बाळाच्या हातात देतात आणि फळ्याकडे वळतात. बाळ फरशीवर रेघा ओढत बसते. मुलगी एकदा मागे वळून बघते आणि मग वही उघडते.